मैदानाखालची वस्ती आणि बाहेरच्यांची सहानुभूती

दलित साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हा आपण अमेरिकेकडे पाहिले ते काळ्या लेखकांसाठी. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचे नावसुद्धा तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आले. त्याच देशात मेक्सिकन वंशाचा, स्वतःला 'चिकानो' म्हणवून घेणारा एक मोठा कष्टकरी समाज आहे. त्याच्या साहित्याकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही. या लेखात त्या समाजाच्या एका उखडलेल्या वस्तीवर निर्माण झालेल्या चार-पाच कलाकृतींचा विचार करावयाचा आहे. विषय स्टेडियमचा आणि घरबांधणीच्या योजनेचा असला तरी प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एखाद्या जागेवरून माणसे हटविली जातात, ती विरोध करतात, हरतात. आणि मग त्यांच्यावर सुंदर पुस्तके निघतात, गाणी होतात. या पुस्तकांकडे आणि गाण्यांकडे दलित वाचकाने कसे पाहावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम हकिगत सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. लॉस एंजेलिस शहराच्या मध्यवस्तीजवळच्या टेकड्यांत पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. सुमारे अकराशे कुटुंबे तेथे राहत, बहुतेक मेक्सिकन वंशाची. ती तेथेच का राहत, याचे उत्तर टेकडीच्या सौंदर्यात नाही. शहराच्या चांगल्या भागांत घराच्या खरेदीखतातच अशी अट लिहिलेली असे, की हे घर गोऱ्या माणसाखेरीज कोणाला विकू नये वा भाड्याने देऊ नये. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, हा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९४८ सालचा. तोवर टेकडीवरच्या माणसाला खाली शहरात दार बंद होते. आपल्याकडे खरेदीखतात असे लिहीत नाहीत. आपल्याकडे आडनाव विचारतात.

१९४९ साली अमेरिकेत सरकारी घरबांधणीचा कायदा झाला आणि लॉस एंजेलिसच्या वाट्याला दहा हजार घरे आली. त्यांतली मोठी योजना या टेकड्यांवर ठरली. रिचर्ड न्यूट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर या वास्तुशिल्पज्ञांनी 'एलिसियन पार्क हाइट्स' या नावाने तिचा आराखडा केला. त्यात तेरा मजल्यांचे चोवीस मनोरे आणि दीडशेच्या वर दुमजली इमारती होत्या. जुलै १९५० मध्ये रहिवाशांना पत्रे गेली. तुमची जागा आम्ही घेत आहोत, नव्या घरांत पहिला हक्क तुमचा राहील, असा त्यांचा आशय होता. पुष्कळ लोकांनी मिळेल ती किंमत घेऊन घरे सोडली. काहींनी विरोध केला. घर लहान असो, कच्चे असो, पण ते आमचे आहे, आम्हांला मनोऱ्यातली भाड्याची खोली नको, असे त्यांचे म्हणणे होते.

याच योजनेला दुसऱ्या बाजूनेही विरोध चालू होता. जमीन-घरांचा व्यापार करणाऱ्यांना सरकारी घरे मुळातच नको होती. सरकारने गरिबांना घरे बांधून देणे हा समाजवाद आहे, कम्युनिझम आहे, असा प्रचार त्यांनी केला. १९५२ साली घरबांधणी खात्याचे अधिकारी फ्रँक विल्किन्सन यांना एका सुनावणीत त्यांच्या राजकीय संबंधांविषयी विचारण्यात आले. त्यांनी उत्तर देण्यास नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. त्याच वर्षी मतदारांनी सरकारी घरबांधणीच्या विरोधात कौल दिला. १९५३ साली ही योजना बंद करण्याचे आश्वासन देऊन नॉरिस पोलसन महापौर झाले. योजना गुंडाळली गेली. जमीन सार्वजनिक उपयोगासाठीच वापरावी, अशा अटीवर ती शहराने स्वस्तात परत घेतली. वस्ती तोवर जवळजवळ रिकामी झाली होती.

१९५७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला 'डॉजर्स' हा बेसबॉलचा संघ लॉस एंजेलिसला आला. त्याचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांच्याशी शहराने करार केला आणि सुमारे ३०० एकर जमीन त्यांना स्टेडियमसाठी देऊ केली. जून १९५८ मध्ये या करारावर मतदान झाले. सहा लाखांहून अधिक लोकांनी मते दिली आणि सुमारे २४ हजारांच्या फरकाने करार टिकला. जानेवारी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही करार वैध ठरविला. खासगी मालकाचा खेळाचा धंदा हा अशा रीतीने सार्वजनिक उपयोग झाला. ८ मे १९५९ रोजी शेवटच्या काही कुटुंबांना पोलिसांनी घराबाहेर काढले. एका स्त्रीला हातापायांना धरून उचलून नेतानाचे दृश्य टेलिव्हिजनने घरोघर दाखविले. बुलडोझरने घरे पाडली. १० एप्रिल १९६२ रोजी तेथे ५६ हजार प्रेक्षकांचे डॉजर स्टेडियम सुरू झाले. पालो व्हेर्देची शाळा पाडण्याचेही श्रम कोणी घेतले नाहीत. तिचे छप्पर काढून ती मातीने भरून टाकली. आज ती मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली आहे.

ज्या वर्षी तेथे ती स्त्री उचलून नेली गेली, त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे पडीक जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंगात जात होती. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती.

आता कलाकृतींकडे वळू. या वस्तीची आठवण जगापुढे आणण्याचे पहिले श्रेय डॉन नॉर्मार्क या छायाचित्रकाराला दिले पाहिजे. १९४८ च्या अखेरीस, एकोणीस वर्षांचा असताना, शहराचे चांगले दृश्य टिपण्यासाठी उंच जागा शोधीत तो टेकडीवर आला आणि त्याला ही वस्ती दिसली. पुढच्या वर्षभरात त्याने तिची छायाचित्रे काढली. ती विलक्षण सुंदर आहेत. मातीचे रस्ते, उतारावरची लाकडी घरे, अंगणातली मुले, म्हातारी माणसे. पण मला ती पाहताना प्रथम अस्वस्थ वाटले. गरिबाचे घर 'निसर्गरम्य' दिसते ते पाहणाऱ्याला परत जाण्यासाठी दुसरे घर असते म्हणून. मराठी ग्रामीण कथेतल्या ओढ्याकाठच्या गावाचे वर्णन वाचताना हीच अस्वस्थता आपल्याला येते. त्या वर्णनात ओढा असतो, पण त्या ओढ्याचे पाणी कोणी वरच्या अंगाला भरायचे आणि कोणी खालच्या, हे नसते.

नॉर्मार्क येथेच थांबला असता तर त्याला एक कुशल प्रवासी म्हणून सोडून देता आले असते. तो थांबला नाही. पुष्कळ वर्षांनी त्याने त्या छायाचित्रांतली माणसे शोधून काढली आणि त्यांचे बोलणे छायाचित्रांशेजारी छापले. १९९९ साली ते पुस्तक निघाले. ही माणसे स्वतःला 'लोस देस्तेर्रादोस' म्हणवतात. स्पॅनिशमध्ये 'तिएर्रा' म्हणजे भूमी; भूमीपासून तोडलेला तो 'देस्तेर्रादो'. लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनाचे नाव 'उपरा' आहे, त्या शब्दाशी हा शब्द ताडून पाहावा. उपरा कधीच कोठे रुजू दिला गेला नाही. देस्तेर्रादो रुजल्यावर उपटला गेला. दोन्ही शब्द ज्यांच्यावर वेळ आली त्यांनीच घेतलेले आहेत, म्हणून ते खरे वाटतात. नॉर्मार्कच्या पुस्तकाचे बळ या शब्दांत आहे. चित्राखाली माणूस बोलू लागला की चित्राचे सौंदर्य कमी होत नाही, पण त्याचे निरागसपण जाते.

राय कूडर या गोऱ्या संगीतकाराने २००५ साली 'चावेझ रॅव्हीन' हा गाण्यांचा संग्रह काढला. लालो गेरेरो, डॉन तोस्ती या जुन्या चिकानो कलावंतांना त्याने त्यात गायला बोलावले. तो संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वीच ते दोघेही वारले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याने किती मोठे काम वेळेवर केले हे कळते. त्यातली दोन गाणी मला महत्त्वाची वाटतात. एकात स्टेडियमबाहेर मोटारी लावून देणारा नोकर आहे. त्याचे जुने घर आता मैदानावरच्या 'थर्ड बेस'पाशी कोठेतरी होते आणि त्याला ते नेमके ठाऊक आहे. दुसऱ्यात बुलडोझर चालविणारा माणूस आहे. हे माझे नुसते काम आहे, असे तो म्हणतो. पहिले गाणे हळवे आहे, दुसरे कठोर आहे. मला दुसरे अधिक मोलाचे वाटते. आपल्याकडे जप्तीची दवंडी पिटणारा माणूस बहुधा आपल्यातलाच असे. झोपडी पाडायला आलेल्या पथकात पोरे आपल्याच आळीतली असतात, रोजंदारीवर घेतलेली. उखडणाऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसाला शत्रू करून टाकणे सोपे असते. कूडरने ते केले नाही.

'कल्चर क्लॅश' ही चिकानो नाटकमंडळी आतली आहे. त्यांचे याच नावाचे नाटक २००३ साली लॉस एंजेलिसमध्ये रंगभूमीवर आले. १९८१ साली फर्नांडो वालेन्झुएला हा मेक्सिकोच्या खेड्यातला पोरगा डॉजर्सचा गोलंदाज म्हणून चमकला आणि ज्या स्टेडियमकडे मेक्सिकन समाज कडवटपणे पाहत होता, त्याच्या पायऱ्या त्याच समाजाने भरून गेल्या. नाटकात चेंडू टाकायला उभ्या राहिलेल्या वालेन्झुएलापुढे त्या जमिनीची भुते येतात. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला प्रश्न पडतो, की आपण कोणाच्या घरावर उभे राहून टाळ्या वाजवीत आहोत?

या प्रश्नाला आपला इतिहास जोडता येतो. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखणारे पळवणकर बाळू पुढे हिंदूंच्या संघातून खेळले आणि १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्या हातून आलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता, पण त्यांचा चहाचा पेला वेगळा होता, आणि संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. खेळणारा म्हणून मैदान माणसाला स्वीकारते. त्याच माणसाला शेजारी म्हणून स्वीकारण्याची वेळ आली की नियम बदलतात. वालेन्झुएलाचे यश खरे आहे, त्याच्या समाजाचा आनंदही खरा आहे. त्या आनंदाने हिशेब मिटला असे कोणी म्हणू लागले, तर ते मान्य करू नये.

आता माझा मुख्य आक्षेप. जॉर्डन मेक्नर यांचा माहितीपट, कूडरची गाणी, एरिक नुसबाउम यांचे २०२० सालचे 'स्टीलिंग होम' हे पुस्तक, या सर्वांत फ्रँक विल्किन्सन यांना मोठी जागा आहे. हा माणूस थोर होता यात वाद नाही. पुढे संसदीय समितीपुढे उत्तरे नाकारल्याबद्दल १९६१ साली ते तुरुंगातही गेले. माहितीपटात ते स्वतः बोलतात आणि रहिवाशांचे आपल्यामुळे नुकसान झाले ही खंत बोलून दाखवतात. पण त्यामुळे कथेचे केंद्र हलते. वस्ती 'झोपडपट्टी' आहे असा शेरा मारून ती रिकामी करविणारा सज्जन सुधारक हा शोकांतिकेचा नायक होतो आणि ज्यांची घरे गेली ते त्याच्या दुःखाचा कोरस होतात. आपल्या साहित्यात हा प्रश्न बाबूराव बागुलांच्या कथा आल्या तेव्हाच उभा राहिला होता. दलितांवर कळवळ्याने लिहिलेल्या कथेत कळवळणारा माणूसच मोठा होत जातो. नुसबाउम यांनी अखेरपर्यंत लढलेल्या कुटुंबालाही बरोबरीची जागा दिली, हे त्यांच्या पुस्तकाचे वेगळेपण म्हणून नोंदविले पाहिजे.

त्या कुटुंबाविषयीही एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती सहानुभूतीची जात दाखविते. घराबाहेर काढल्यावर ते कुटुंब पाडलेल्या घराशेजारी तंबू ठोकून राहिले. शहर हळहळले. मग वर्तमानपत्रांनी शोध लावला, की या कुटुंबाच्या मालकीची शहरात आणखी घरे आहेत. एका रात्रीत हळहळ संपली. घर बेकायदा घेतले का, योग्य किंमत दिली का, हे प्रश्न जागच्या जागी राहिले. बळी पुरेसा दरिद्री नाही एवढाच त्यांचा गुन्हा ठरला. आपल्या पोराच्या पायात चांगला बूट दिसला की सवलतीचा हिशेब विचारणाऱ्या माणसांना ही गोष्ट सांगावी. सहानुभूती दारिद्र्य मागते. हक्काला दारिद्र्याचा दाखला लागत नाही.

दुसरा आक्षेप नावाचा. 'चावेझ रॅव्हीन' हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका जमीनदार नगरसेवकावरून आले. रहिवाशांची नावे पालो व्हेर्दे, ला लोमा, बिशप. छायाचित्रांचे पुस्तक, गाण्यांचा संग्रह, नाटक, माहितीपट, सगळ्यांच्या कपाळावर बाहेरच्यांनी दिलेले नाव आहे. ज्यांच्या वस्त्यांना गावाने जातीची नावे दिली आणि ज्यांनी ती पुसून भीमनगर, सिद्धार्थनगर अशी नावे घेतली, त्यांना ही बाब क्षुल्लक वाटणार नाही. महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. आपल्या लोकांनी ते काम कितीतरी आधी केले होते.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. या बहुतेक कलाकृती हरवलेल्या वस्तीला गरिबांचे नंदनवन करतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याला संकुचित स्थानिकपणाचे डबके म्हटले, तेव्हापासून आपण जागेच्या प्रेमाकडे सावधपणे पाहायला शिकलो आहोत. माझी वस्ती मला प्रिय आहे, पण ती मी निवडलेली नाही. तेथे आम्हांला ठेवले होते. पालो व्हेर्देचेही तसेच होते. म्हणून तिच्यासाठी रडताना दोन अन्याय एकदम सांगावे लागतात. पहिला, दुसरीकडे राहू दिले नाही. दुसरा, येथेही राहू दिले नाही. नंदनवनाच्या गाण्यात पहिला अन्याय ऐकू येत नाही.

हे मी पुस्तके वाचून लिहीत असलो तरी मला ते आधीच माहीत होते. आमच्या तालुक्याच्या गावी वस्तीमागच्या गायरानावर क्रीडासंकुल आणि त्याला लागून घरकुले अशी योजना आली, तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. गायरानावर आमच्या पाच-सहा घरांची जोंधळ्याची रानेही होती आणि छपरेही होती. आम्ही विरोध केला. त्याच आठवड्यात पेठेतल्या मंडळींनीही निवेदन दिले. त्यांचा मैदानाला विरोध नव्हता. त्यांना घरकुले नको होती. घरकुलांमुळे त्या बाजूचे वळण बिघडेल, असे त्यात लिहिले होते. वर्तमानपत्राने दोन्ही बातम्या एकत्र करून 'स्थानिकांचा विरोध' असा मथळा दिला. पुढे घरकुले योजनेतून गळाली, छपरे निघाली, मैदान झाले. म्हणजे स्थानिकांचा विरोध यशस्वी झाला असेही म्हणता येईल. लॉस एंजेलिसमध्ये १९५३ साली नेमके हेच झाले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

म्हणून असल्या विरोधाची पारख करताना मी एकच कसोटी लावतो. विरोध कशाला आहे हे न पाहता, तो जिंकल्यावर तेथे कोण राहणार हे पाहावे. टेकडीवरच्या माणसांचा विरोध आणि जमीन-व्यापाऱ्यांचा विरोध कागदावर एकाच योजनेला होता. व्यापाऱ्यांचा जिंकला, तेव्हा टेकडीवर कोणीच राहिले नाही. या वस्तीवरच्या कलाकृतींतून 'घर विरुद्ध स्टेडियम' एवढाच झगडा ज्यांच्या मनात राहील, त्यांच्या हातून हा मधला अध्याय निसटेल. आणि आजच्या आपल्या लढ्यांना कामी येणारा अध्याय तोच आहे.

२०२४ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने या उखडलेल्या कुटुंबांच्या नुकसानीचा अभ्यास व्हावा आणि त्यांची नोंद व्हावी यासाठी एक विधेयक मंजूर केले. राज्यपालांनी त्यावर सही केली नाही, नकाराधिकार वापरला. त्या माणसांची मुले-नातवंडे एलिसियन पार्कात जमत आली, एकत्र जेवत आली, एकमेकांना आपली गल्ली सांगत आली. सरकारी नोंद झाली नाही तरी ही नोंद चालू राहिली. आपल्या लेखकांनी तिचा अर्थ समजून घ्यावा.

माझ्या आजीजवळ तिच्या छपराचा एकच पुरावा होता. अतिक्रमण केल्याबद्दल तिने भरलेल्या दंडाच्या पावत्या. गाव नमुना १-ई मध्ये तिचे नाव गुन्हेगार म्हणून लागले होते, आणि तेथे ती राहत होती हे सरकारने तेवढ्यापुरते मान्य केले होते. त्या पावत्या तिने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या. वारण्यापूर्वी एकदा मी तिला मैदान दाखवायला नेले. मुले पळत होती. तिने धावपट्टीचे एक वळण दाखवून सांगितले, चूल तिथे होती. मी तेव्हा काही लिहून घेतले नाही. नॉर्मार्कला पन्नास वर्षांनी सुचले, ते मला त्या दिवशी सुचायला हवे होते. माझ्या वर्गात आज बसणाऱ्या मुलामुलींना मी एवढेच काम देतो, की तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, चूल कोठे होती, आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.